कोण आलं न्हाई?

शिवांजलीचा पाच प्रश्नांवर फार जीव होता. काय, किती, कुठे, केव्हा आणि कशासाठी. हे पाच प्रश्न तिने रंगीत पुठ्ठ्यावर लिहून चौथीच्या फळ्याशेजारी टांगले होते आणि कडेने सोनेरी झिरमिळ्याही चिकटवल्या होत्या. एका प्रश्नाला एक वाक्य, पाच वाक्यांचा एक परिच्छेद, काम फत्ते. प्रशिक्षणात ही युक्ती ऐकली तेव्हाच तिला वाटलं होतं, एवढं सोपं असताना लोक लेखनाचा उगाच बाऊ करतात.

शाळा कडा गावापासून सात किलोमीटर आत, एका वस्तीवर. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड, पहिली ते चौथी मिळून एकतीस मुलं. मुख्याध्यापक सुंदरराव गुरुजी पहिली-दुसरी सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर सरकारी माहिती भरायचे. खरं सांगायचं तर माहिती भरून उरलेल्या वेळात ते पहिली-दुसरी सांभाळायचे. तिसरी-चौथी शिवांजलीकडे.

ती चौसाळ्याची. वडील ईश्वरप्पा यांचं हमरस्त्याला लागून किराणा दुकान. दुकान बंद करायच्या आधी साबणाच्या वड्या, काडेपेट्यांचे पुडे आणि मिठाच्या पिशव्या मोजायचं काम लहानपणापासून तिच्याकडे असायचं. मोजून झालं की आप्पा म्हणायचे, "झालं बघ, आता निवांत." जे मोजलं ते आपल्या हातात आलं, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मास्तरीण झाली तरी खोड गेली नाही. सहलीला पोरं मोजायची, खिचडीच्या ताटल्या मोजायची, आणि परिच्छेदातली वाक्यंसुद्धा मोजायची.

आता चौथीत नऊ मुलं. नऊ परिच्छेद यायचे आणि एक वाचला की बाकीचे आठ वाचायची गरज उरायची नाही. "आमच्याकडे गाय आहे. ती एक आहे. ती गोठ्यात आहे. ती सकाळी चरते. ती दुधासाठी आहे." अपेक्षाच्या घरी गाय नव्हती, पिठाची गिरणी होती. तिने लिहिलं, "आमच्याकडे गिरणी आहे. ती एक आहे. ती खोलीत आहे. ती सकाळी चालते. ती पिठासाठी आहे." शिवांजलीने त्यावर लाल पेनने 'छान' लिहिलं. मनात कुठेतरी टोचलं, नाही असं नाही. पण वळण तर लागतंय, जीव मागाहून येईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

या वळणाला दाद देत नव्हती ती एकटी बबिता. धनगराची पोर. मधल्या सुट्टीत हातात खिचडीची ताटली घेऊन ती बोलायला लागली की सगळा वर्ग तिच्याभोवती कोंडाळं करायचा. वाटेतच व्यालेली मेंढी कशी पिल्लू चाटत मागं राहिली, कुत्रं तिच्याजवळ कसं बसून राहिलं, आज्जीला ते कसं कळलं. शिवांजलीही हातातला घास तसाच ठेवून ऐकायची. आणि तीच बबिता वही उघडली की दोन वाक्यांत आटपायची. "आमच्या मेंढ्या आहेत. त्या चरतात."

"बबिता, 'किती'चं वाक्य राहिलं."

बबिता खाली बघायची.

"किती मेंढ्या आहेत तुमच्या?"

"हायत."

"हायत म्हणजे किती? दहा, पन्नास, शंभर?"

"लई हायत, बाई."

"लई हा काही आकडा नाही."

वर्ग हसायचा. बबिताही हसायची, पण आकडा काही द्यायची नाही. पोरीला शंभराच्या पुढे मोजता येत नसणार आणि ती लाजत असणार, असं शिवांजलीने गृहीत धरलं. विचारायला काय जात होतं? पण विचारलं नाही.

गणपती उठल्यावरची गोष्ट. शाळेशेजारचं रान ज्वारीसाठी मोकळं ठेवलेलं होतं. पेरणीआधी खत पडावं म्हणून मालकाने त्यात बबिताच्या घरचा कळप बसवायला बोलावला. सकाळी शाळेत येताना शिवांजलीने त्या मेंढ्या पाहिल्या आणि तिला एकदम सुचलं. भाषेचा तास आणि गणिताचा तास एका दमात उरकू. तिने चौथीला बांधावर ओळीने उभं केलं.

"चला, मोजा बरं सगळ्यांनी. बोट दाखवून, मोठ्याने."

नऊ जणांतल्या आठ जणांनी बोटं पुढे केली आणि आरडाओरडा करत मोजायला सुरुवात केली. मेंढ्या घाबरून इकडून तिकडे पळायच्या, पोरं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. बबिता बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती. दोन्ही हात पाठीमागे.

"बाई, नका ना मोजू," ती म्हणाली.

शिवांजलीने ते ऐकलं होतं. गोंगाट होता, ऐकू आलं नाही, असं तिने नंतर कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलं. पण तिने ऐकलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं.

एकशे बारा भरल्या. वर्गात आल्यावर ती बबिताच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि वाक्य लिहून होईपर्यंत हलली नाही. "आमच्याकडे एकशे बारा मेंढ्या आहेत." मग बाकीचीही लिहून घेतली, पाच वाक्यं पूर्ण झाली. शिवांजलीला इतका आनंद झाला की तिने वहीच्या पानाचा फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला आणि खाली लिहिलं, "चौथीच्या बबिताचा सुंदर परिच्छेद!" अकरा अंगठे आले.

चार दिवसांनी मोठा पाऊस पडला, आणि त्यानंतरच्या सोमवारी बबिता शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सुंदरराव गुरुजींनी मोबाइलमधून मान वर काढली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गुरुजी याच भागातले.

"बाई, तुमी बबिताच्या आज्जीच्या, चतुराबाईच्या मेंढ्या मोजल्या म्हणं?"

"हो, सर. वर्गानेच मोजल्या. एकशे बारा."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अवो, तिच्या घरात कुणीच मोजत न्हाई. सासऱ्यापासून न्हाई. नजर लागती म्हणत्यात. तुमी मोजल्या त्या मोजल्या, वर आकडा फोनवर टाकला. परवा हापशावर बाया तिला म्हणल्या, आली बघा एकशे बारावाली. आन आता तीन पिल्लं मेली तिची, दोन दिवसांत."

दिवसभर शिवांजलीच्या डोळ्यांपुढे ते पाठीमागे धरलेले दोन हात येत राहिले.

"आन दुसरं ऐका," गुरुजी म्हणाले. "दिवाळी झाली की कळप भीमेच्या काठाकडं निघतो. आजवर ही पोर आत्याकडं ऱ्हायची. औंदा आत्या नवऱ्यासंगं ऊसतोडीला चालली. तवा म्हातारी बबिताला बी संगं नेणार म्हणती. वाटंत पिल्लं होत्यात, ती उचलायला हात लागतो."

"आणि शाळा?"

"शाळा," गुरुजी म्हणाले आणि पुन्हा मोबाइलकडे वळले. त्यांनी अशी बरीच नावं पटावर राहून वर्गातून गेलेली पाहिली होती.

शिवांजलीने आधी हातातलं काम केलं. कड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर यायला तयार होते, पण गाडी नव्हती. मग शाळा सुटल्यावर ती स्वतः स्कूटी घेऊन गेली आणि मांडीवर औषधांची पेटी घेतलेल्या डॉक्टरांना मागे बसवून चिखलातून वस्तीवर आणलं. दोनदा गाडी घसरली. दुसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, माझं काही म्हणणं नाही, पण इंजेक्शनं काचेची आहेत."

डॉक्टरांनी पिल्लं तपासली. पावसानंतरचं कोवळं गवत बकाबका खाल्लं की पिल्लांच्या पोटात विष होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. राहिलेल्यांना सुया टोचल्या. बबिताचा बाप सटवा एकेक पिल्लू धरत होता, बबिता दिव्याच्या वाती जपाव्यात तशी टोचलेली पिल्लं एका बाजूला नेऊन ठेवत होती. तिने बाईंकडे एकदाच पाहिलं, आणि ते पाहणं रागाचं नव्हतं. त्यानेच शिवांजलीला जास्त वाईट वाटलं.

चतुराबाई एका दगडावर बसून सगळं बघत होती. सत्तरीची असेल. हातात काठी, कपाळावर ठसठशीत गोंदण.

डॉक्टर सटवाच्या मोटारसायकलवरून परत गेले. शिवांजली थांबली.

"आज्जी, माझं चुकलं," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. बबिता नको म्हणत होती, तरी मी मोजायला लावलं. तो फोटोही काढून टाकला मी."

म्हातारीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शिवांजलीची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती.

"दागतर म्हणला ते मला बी ठावं हाय," चतुराबाई म्हणाली. "कोवळ्या गवतात पिल्लं गेली, ती माज्या हातनं गेली. पावसात आवरली न्हाईत मला. ते तुमच्या माथी मारायला मी काय येडी न्हाई."

"मग राग कशाचा, आज्जी?"

"मोजल्याचा." म्हातारी उठली. "मोजलं की आकडा ध्यानात ऱ्हातो, बाई. मेंढरू ऱ्हात न्हाई. आज एक मेलं आन उद्या एक जलमलं, तर तुमचा आकडा तितकाच. माजं तर एक मेलं की. मग तितकंच कसं?"

शिवांजली निघाली नाही, त्या दगडाशेजारीच खाली बसली.

दिवस मावळायला लागला तसा कळप रानातून परत आला. बबिता आणि तिच्या मायने वाघूर लावली होती. काठ्या रोवून त्यांना बांधलेलं सुतळीच्या जाळीचं कुंपण ते, एकाच बाजूने उघडं. चतुराबाई त्या उघड्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मेंढ्या तिच्या गुडघ्यांना घासत आत शिरायला लागल्या. तिचा हात एकेकीच्या पाठीवरून नुसता टेकल्यासारखा जात होता आणि ओठ हलत होते. शिवांजली जवळ सरकली. आकडे नव्हते ते.

"मोरी. चांदी. भुंडी. बांडी आन तिची पोर. काळतोंडी. लंगडी, ये बाई, ये…"

शेवटची मेंढी आत गेली. म्हातारी जाळी न लावता तशीच थांबली. डोळे मिटले, मग उघडले.

"ठिपकी आली न्हाई."

बबिता तीरासारखी सुटली. थोड्या वेळाने बांधापलीकडच्या बाभळीतून ती मेंढीला पुढे घालून आली. लोकरीत काटे अडकून बसली होती. ठिपकी आत गेली, आणि तेव्हा कुठे म्हातारीने जाळी ओढली.

"कोण आलं हे बगायचं न्हाई," चतुराबाई म्हणाली. "कोण आलं न्हाई ते बगायचं. आलेली तर हायतच की म्होरं."

"सगळ्या अशा ओळखता तुम्ही?"

"तुमच्या वर्गात पोरं किती?"

"नऊ," शिवांजली पटकन म्हणाली.

"बगा," म्हातारी म्हणाली, "आकडाच सांगितला."

बबिताला फिसकन हसू आलं. शिवांजलीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षं ती शिकवत होती. डी.एड. केलं, बी.एड. केलं, किती तरी प्रशिक्षणं केली. आणि तिचं कुठे चुकतंय हे एका काठीवाल्या म्हातारीने चार वाक्यांत दाखवलं. तेही तिच्याकडून घाव सोसून.

"आज्जी, बबिताला शाळेत पाठवा," ती म्हणाली. "वाटल्यास माझ्याकडे राहू दे. कड्याला माझी खोली आहे."

"पोरगी लोकाच्या घरी ठेवायची न्हाई," चतुराबाई ठामपणे म्हणाली. मग चिखलाच्या साडीकडे पुन्हा एकदा पाहून जरा नरमली. "दिवाळीपत्तोर धाडते. म्होरचं म्होरं बगू."

दुसऱ्या दिवशी शिवांजलीने झिरमिळ्यांचा पुठ्ठा खाली उतरवला. फेकला नाही, आप्पांची लेक ती. उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कोण आलं न्हाई?' अगदी म्हातारी म्हणाली तसंच. मग वर्गाला वाघुरीची गोष्ट सांगितली. बबिताच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आता काय करायचं, तर आपण लिहिलेलं वाचायचं. बाकीच्यांनी डोळे मिटायचे आणि वाघुरीच्या तोंडाशी उभं राहायचं. जे आलं नाही ते ओरडायचं. अपेक्षा, तुझी गिरणी आण बघू."

अपेक्षाने वाचलं. आमच्याकडे गिरणी आहे, ती एक आहे, ती खोलीत आहे, ती सकाळी चालते, ती पिठासाठी आहे. आठ जणांनी डोळे मिटले.

"कोण आलं न्हाई?"

"पट्टा!" जीवन ओरडला. "फटाक फटाक वाजतो तो."

"तिचे पप्पा न्हाई आले. भुवया पांढऱ्या झालेले."

"मिरच्या दळल्यावर शिंका येत्यात त्या!"

"आन रांगेतली भांडणं!"

अपेक्षा तोंडाचा आ करून ऐकत होती. हे सगळं तिच्याच घरचं होतं, रोजचं होतं, आणि तिच्याच वहीत नव्हतं. ती खाली बसली आणि मान वर न करता लिहीत सुटली. "आमची गिरणी सुरू झाली की पट्टा फटाक फटाक वाजतो आणि पप्पांच्या भुवया पांढऱ्या होतात. मिरची दळायला कुणी आलं तर रांगेतल्या सगळ्या बाया आधी भांडतात आणि मग सगळ्या मिळून शिंकतात." शिवांजलीने ते वाचलं, आणि 'छान' लिहायला उचललेलं लाल पेन तसंच खाली ठेवलं. तिला जागेवरून उठून पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं, तेच तिने केलं.

पुढे पुढे पोरंच पक्की झाली. कुणाच्या परिच्छेदात पाठ केलेलं वाक्य शिरलं, गाय हा एक पाळीव प्राणी आहे वगैरे, की सगळे ओरडायचे, "परकी! परकी मेंढी शिरली!" आणि ते वाक्य हाकललं जायचं. कोणतं वाक्य कोणत्या कळपातलं, हे समजावायला शिवांजलीला पूर्वी अर्धा तास लागायचा. आता एका आरोळीत काम व्हायचं.

तिने आप्पांना फोनवर हे सगळं सांगितलं. आप्पा हसले. मग म्हणाले, "म्हातारीला माजा नमस्कार, शरणार्थ सांग. पण दुकानात साबण मोजूनच ठेवीन बरं का मी. माज्या साबणाला नावं न्हाईत."

दिवाळीपर्यंत बबिता एक दिवस चुकली नाही. मेंढ्यांवर तिने पुन्हा काही लिहिलं नाही मात्र. आत्याच्या घरावर लिहिलं, हापशावर लिहिलं, खिचडी करणाऱ्या छबुबाईंवर तर असं लिहिलं की छबुबाईंनी ते पान मागून नेलं. मेंढ्यांचं नाव काढलं की ती म्हणायची, "मग लिवते, बाई." शिवांजलीनेही जोर केला नाही. एकदा जोर करून पाहिला होता.

सुट्टी संपून शाळा भरली त्याच सकाळी कळप निघायचा होता. शिवांजली वर्गात आली तर बबिता जागेवर बसलेली. डोक्याला तेल, पाठीला दप्तर, आणि पायात चालायच्या जाड वहाणा. त्या वहाणा पाहिल्या आणि शिवांजली काय ते समजली.

"आज्जी मला न्यायला येणार हाय, बाई," बबिता म्हणाली. "कळप शाळंवरनंच जाणार. तवर बस म्हणली."

शिवांजलीने खडू उचलला आणि खाली ठेवला. आज तिला काही शिकवता आलं नसतं.

"मग तोवर लिही काहीतरी," ती म्हणाली. "जाण्याआधी एक. आम्हांला ठेवायला."

बबिताने वही काढली. बाकीची मुलंही गपचूप लिहायला बसली. अर्ध्या तासाने बाहेर घुंगरं वाजली, मेंढ्यांचा ओरडा आला, धूळ खिडकीपर्यंत उडाली. आणि दारात चतुराबाई येऊन उभी राहिली. वहाणा बाहेर काढलेल्या, काठी हातात, डोक्यावर घोंगड्याची खोळ. वाघुरीच्या तोंडाशी उभी राहायची तशीच, दाराच्या चौकटीला टेकून.

"चल गं."

"आज्जे, थांब की. एवढं वाचते."

म्हातारीने शिवांजलीकडे पाहिलं. शिवांजलीने मान डोलावली.

बबिता उभी राहिली आणि वाचायला लागली.

"आज आमचा कळप निघाला. सगळ्यात पुढं माझे वडील, आबा, चालतात. आबांच्या मागं भुंडी, कारण तिला वाट ठाऊक आहे. मग मोरी, चांदी, बांडी आणि तिची पोर, काळतोंडी, आणि काटे लागलेली ठिपकी. घोड्यावर वाघूर आणि भांडी आहेत आणि वर कोंबडीची टोपली आहे. मायच्या काखेत बाळ आहे. काकाच्या घोंगड्यात एक पिल्लू आहे, ते कालच झालं, त्याला अजून नाव नाही. वाघ्या कुत्रं मधीच थांबून मागं बघतं. सगळ्यात मागं आज्जी आहे. तिच्या मागं कुणी नाही, कारण कोण राहिलं ते आज्जी बघते."

आठही जणांनी सवयीने डोळे मिटले होते. शिवांजलीनेही मिटले. तिला तो कळप जाताना दिसत होता, पुढून मागपर्यंत. तिला एकही आकडा आठवला नाही. या पोरीला आपण दोन वाक्यांची समजत होतो, हे आठवून मात्र लाज वाटली, आणि लाजेहून जास्त त्या म्हातारीचे उपकार वाटले.

"कोण आलं न्हाई?" जीवनने हळूच विचारलं.

मुलं विचार करत राहिली. कुणाला सापडेना. सगळं आलं होतं.

"एक आली न्हाई."

आवाज दारातून आला. सगळ्यांनी डोळे उघडले. चतुराबाईने डोळे मिटले होते, ते तिने आता उघडले.

"कोण गं आज्जे?" बबिता गोंधळली. तिने पानावरून बोट फिरवलं. "मोरी हाय, ठिपकी हाय, नाव न्हाई ते पिल्लू बी घेतलं…"

"तू कुठं हायस त्यात?"

बबिताने वहीकडे पाहिलं, मग आज्जीकडे. आपण काही मुद्दाम केलं नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मी हितं हाय, आज्जे," ती म्हणाली. "मी हितनं बगतीया. शाळंतनं."

बाहेर सटवाने हाळी दिली. कळप पुढे सरकायला लागला होता. चतुराबाईने मान वळवून बाहेर पाहिलं. पंचावन्न वर्षं ती त्या कळपाच्या मागून चालली होती. लग्न होऊन आली त्या वर्षीपासून. सटवा वाटेतच जन्मला होता. ती बघत राहिली, आणि मेंढ्यांची पाठमोरी रांग लिंबाच्या झाडापलीकडे गेली. मग तिने मान आत वळवली.

"मंग मला बी काढ त्यातनं."

बबिताला कळलं नाही.

"काढ म्हणते न्हवं. ते मागं चालती म्हणून लिवलंयस, ते काढ. औंदा मी जात न्हाई. हितं ऱ्हाते तुज्यापाशी, परीक्षा हुईस्तवर."

"मग मागं कोण चालंल?"

"तुजा बाप चालंल. त्याची बायको हाय, भाऊ हाय."

"आबाला येतंय का वळखाया? कोण न्हाई आलं ते?"

"न्हाई येत," म्हातारी म्हणाली. "शिकंल की. तू शिकलीस का न्हाई?"

बबिताने दप्तर चाचपलं. खोडरबर नव्हतं. शिवांजली पुढे झाली आणि टेबलावरचं आपलं खोडरबर तिच्या हातात दिलं. पोरीने वही बाकावर टेकवली, जीभ दातांत धरली आणि शेवटची दोन वाक्यं खोडायला लागली. कागद चुरगळू नये म्हणून तिने पान डाव्या हाताने ताणून धरलं होतं.

शिवांजली दाराशी गेली. ती वाकली आणि चतुराबाईच्या पायांना हात लावला.

"आज्जी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उठा, उठा. माज्या पायाला धूळ हाय," म्हातारी मागे सरकली. "आन उपकार कशाचे? त्या दिशी चिखलात तुमी आलतात, दागतर घिऊन. त्यादिशी मी वाघुरीपाशी उभी हुते, तवा ठिपकीच्या मागनं शेवटाला तुमी बी आमच्या कळपात आलात." एवढं बोलून ती दाराबाहेरच्या पायरीवर बसली, काठी मांडीवर आडवी घेऊन. आज तिला कुठेच जायचं नव्हतं, आणि असं बसायचं कसं हे तिला नीटसं जमत नव्हतं. कळपाची धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली.

सकाळपासून हजेरी घ्यायची राहिली होती. शिवांजलीने पट उघडला. खाली एकूण उपस्थितीचा रकाना होता, त्यात आकडा भरायचा असतो. तिने पेन हातात धरलं, पण आधी मान वर करून वर्गाकडे पाहिलं, एकेकाकडे, नावानिशी.

सगळे आले होते.